थंडीआधी कढीपत्ता आणि तुळस घरात कशी घ्यावी

न्यू जर्सीत पहिलं दंव साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर पडतं. कुंड्या आत घ्यायला तोवर थांबू नका. दुपारच्या उन्हाला न भुलता रात्रीचं तापमान बघा. सलग दोन-तीन रात्री पारा ५० ते ५५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे १० ते १३ सेल्सिअसवर येऊ लागला की कामाला लागा. पहिला मान तुळशीचा, कारण दंवाच्या एका रात्रीत ती काळी पडते. तुळशीचं लग्न बहुतेकदा नोव्हेंबरात येतं, तोवर नवरी शाबूत राहायला हवी!

डेकवरच्या कडक उन्हातून कुंडी थेट दिवाणखान्यात आणली की झाड हबकतं आणि पानं गाळतं. म्हणून आधी आठवडाभर ती बाहेरच सावलीत ठेवा.

याच आठवड्यात कीड शोधा. पानांच्या मागे मावा, फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण, कढीपत्त्याच्या खोडाला चिकटलेली खवले कीड. बाहेर पाऊस आणि मित्रकीटक या किडींना आवरतात. घरात कोणी नसतं, त्यामुळे एका कुंडीतली कीड सगळ्या कुंड्यांवर जाते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुऊन काढा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण मिसळून पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. खवले मात्र जुन्या टूथब्रशनेच खरवडावे लागतात. जास्वंदही आत घेणार असाल आणि ती फार पसरली असेल तर एक तृतीयांश छाटा. कुंडी बदलायचं काम वसंतावर ढकला.

घरातली जागा दक्षिणेच्या खिडकीची. हीटिंगच्या व्हेंटजवळ कुंडी ठेवू नका, कोरड्या गरम हवेत लाल कोळी ही बारीक कीड फोफावते. तुळशीला बहुधा खिडकीचा उजेड पुरत नाही. तिच्यावर एलईडी ग्रो लाइट रोज बारा-चौदा तास लावा. तरीही ती मलूल झाली, तर मंजिऱ्यांचं बी जपून ठेवलेलं बरं.

खरी गफलत पाण्यात होते. हिवाळ्यात झाडं गारठ्याने कमी आणि मायेने जास्त मरतात. कढीपत्ता या दिवसांत झोपतो. पानं पिवळी पडून गळतात, कधी नुसत्या काटक्या उरतात. ते पाहून जास्त पाणी घालाल तर मुळं कुजतील. बोट दोन पेरं मातीत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी घाला. खत मार्चपर्यंत बंद. काटकी मेली की काय अशी शंका आली, तर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

बाहेर नेण्याची घाई नको. मे महिन्याच्या मध्यानंतर, रात्रीचा पारा ५० अंश फॅरनहाइटच्या वर स्थिरावला की कुंड्या काढा. आधी सावलीत, मग रोज थोडं थोडं ऊन वाढवत, नाहीतर घरात फुटलेली कोवळी पानं दोन दिवसांत करपतील.