घाटात गाडी कलते? स्टॅबिलायझर बार असा बदला

वाईतून पसरणी घाट चढायला लागलं की मागे बसलेली मंडळी वरची हँडलं शोधू लागतात. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, त्याला गॅरेजवाले बॉडी रोल म्हणतात. स्प्रिंगांना हात न लावता तो कमी करायचा रस्ता म्हणजे जाड स्टॅबिलायझर बार. कुणी त्याला अँटी-रोल बार म्हणतं, कुणी स्वे बार.

ही स्प्रिंग स्टीलची वाकवलेली कांब असते. मधला भाग दोन रबरी बुशमध्ये धरलेला आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडलेली. सरळ स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, तेव्हा कांब बुशमध्ये नुसती फिरते. एकच चाक वर गेलं की तिला पीळ बसतो आणि तोच गाडीला कलू देत नाही. म्हणून जाड बारची किंमत आरामात मोजावी लागते. समोरून आलेल्या एसटीला वाट देताना डावं चाक साइडपट्टीवर उतरलं, तर तो हिसका आता उजव्या बाजूलाही जाणवणार.

खर्चाआधी खाली वाकून बघा

माझं स्पष्ट मत आहे की निम्म्या गाड्यांना नवा बार लागतच नाही. बुश झिजून सैल झालेले असतात, लिंक रॉडचा बॉल-जॉइंट खुळखुळा झालेला असतो, टायरमध्ये हवा कमी असते. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून खट-खट आवाज येत असेल तर आधी लिंक आणि बुश बदला, हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा आणि मग घाटात जाऊन या. बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

किती जाड आणि कुठे

जुना बार तारेच्या ब्रशने साफ करून व्हर्नियरने मोजा. भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिमीच्या जागी 22 मिमी घेतला तर साधारण 46 टक्के ताठर, आणि 24 मिमी घेतला तर दुपटीहून जास्त. दोन मिलिमीटर म्हणजे किरकोळ फरक नव्हे. एक पायरी वर जा, तेवढं पुरतं.

पुढे की मागे, हा प्रश्न जाडीपेक्षाही मोठा. बार ज्या बाजूला ताठर कराल, तिथल्या चाकांची पकड वळणावर आधी सुटते. पुढून ओढणाऱ्या गाड्यांचं नाक आधीच वळणाबाहेर पळतं. पुढचाच बार जाड केला तर ही खोड वाढू शकते. शिवाय चढावरच्या हेअरपिनला आतलं पुढचं चाक हलकं होऊन ओल्या रस्त्यावर जागीच फिरतं. अशा गाडीला मागून सुरुवात करावी. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना मागे वेगळा बारच नसतो, मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा तुळईसारखा टॉर्शन बीमच पीळ घेऊन ते काम करतो. त्यांच्यासाठी बीमला बोल्टने बसणारा बार मिळतो का ते मॉडेलनुसार बघा. एमआयडीसीत कुणी बारला वेल्डिंग मारून जोडणीचे कान बसवून देतो म्हणालं तर नको म्हणा. स्प्रिंग स्टीलला तशी आच लागली की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि बार नेमका तिथेच तुटतो.

उतरवणं

लिंकच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सपाट जमिनीवर हँडब्रेक ओढा, गिअर टाका, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. मग त्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं उचलून गाडी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नका. एकच चाक उचललं तर बारला पीळ बसलेला राहतो आणि नट सुटताच तो हातावर आपटतो.

लिंकचा नट फिरवताना आतला पिनही सोबत फिरतो. पिनच्या तोंडाशी अ‍ॅलन की अडकवून धरा आणि रिंग पान्याने नट फिरवा. मग बुशवरच्या पट्ट्या सोडा. बार काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः बुशची चीर कुठल्या बाजूला आहे त्याचा. बऱ्याच गाड्यांत पुढचा बार सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिन-सस्पेन्शनला आधार देणाऱ्या खालच्या चौकटीच्या, वर अडकलेला असतो. सबफ्रेम खाली घ्यावी लागणार असेल तर हे काम अंगणात करू नका, लिफ्ट असलेल्या गॅरेजला द्या.

बसवणं

नवे बुश नव्या बारच्या व्यासाचेच हवेत. पॉलियुरेथेन बुश असतील तर आतून सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर महिन्याभरात करकर सुरू होते. बार मध्यावर आणा, सगळे नट नुसते हाताने बसवा, आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, म्हणजे रॅम्पवर किंवा खड्ड्यावर, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळा. लॉकनट जुने वापरू नका. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. बार ब्रेकच्या होजला, ड्राइव्हशाफ्टला किंवा सायलेन्सरला कुठेही घासता कामा नये.

टोकाला दोन-तीन भोकं असलेला बार घेतला असेल तर सर्वांत टोकाचं भोक मऊ, आतलं ताठर. सुरुवात मऊपासून, आणि डावी-उजवी बाजू सारखीच.

पहिली चक्कर

पहिल्याच दिवशी यवतेश्वरचा घाट गाठू नका. मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत सवय करून घ्या आणि काही शे किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासा. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी डीलरला विचारा.

मागचा बार जाड केला असेल तर पावसाळ्यात जरा जपून. कासच्या किंवा कोयनानगरच्या रस्त्यावर धारा लागलेल्या असताना, उताराच्या वळणावर मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची चाकं बाहेर सरकू शकतात. वेग वळणाआधीच कमी करा, आणि जूनमध्ये लिंक पुन्हा मऊ भोकात आणून ठेवा.