आखातातल्या चर्चमध्ये लग्न: ठाणे-नवी मुंबईतून कोणते कागद न्यायचे

आखातातल्या कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचे असेल, तर आधी कोणाला विचारायचे ते पाहा. अरब प्रदेशांतल्या लॅटिन (रोमन रीतीच्या कॅथलिक) बिशपांची एक परिषद आहे आणि जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क (तिथले प्रमुख धर्मगुरू) तिचे अध्यक्ष असतात. लग्नाच्या परवानगीसाठी तिला पत्र लिहू नका, ते तिचे कामच नाही. अमिराती, ओमान आणि येमेन दक्षिण अरेबियाच्या व्हिकारिएटमध्ये (चर्चच्या प्रशासकीय विभागात) येतात, मुख्यालय अबू धाबी. कुवेत, बहरीन, कतार आणि सौदी उत्तर अरेबियात, मुख्यालय बहरीनमधले अवाली. पण तिथेही थेट जायचे नाही. लग्न ज्या चर्चमध्ये, त्याच पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) ऑफिसला आधी कागदांची यादी विचारा.

मुख्य कागद बाप्तिस्म्याचा दाखला. कपाटातला जुना चालत नाही, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आत काढलेला मागतात. कारण साधे आहे: दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा ‘कन्फर्मेशन’ संस्कार) आणि लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदवहीत समासात होते, म्हणून ताजा दाखलाच माणूस अविवाहित असल्याचे सांगतो. तेव्हा बाप्तिस्मा वसईत झाला असेल तर दाखला वसईचाच, आता राहता त्या वाशीच्या चर्चचा नव्हे. मल्याळी कुटुंबांनी आणखी एक पाहावे: नोंद सीरो-मलबार (केरळच्या पौर्वात्य परंपरेच्या कॅथलिक) चर्चमध्ये असेल, तर आपला महाधर्मप्रांत कल्याणचा, मुंबईचा नाही. हे फादरना पहिल्याच भेटीत सांगा.

दुसरा कागद विवाहास अडथळा नसल्याचे पत्र. सज्ञान झाल्यावर जिथे जिथे राहिलात, तिथल्या पॅरिशचे पत्र लागू शकते. वधू ठाण्यात असेल, तर तिची चौकशी आणि चर्चमधली लग्नाची घोषणा इथेच होते. या कागदांचा लिफाफा धर्मप्रांताच्या कार्यालयातून शिक्का होऊन जायचा की थेट, हेही आखातातल्या पॅरिशलाच विचारा. लग्नपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. तीन महिने हाताशी ठेवा, घाईत बिघडते ते इथेच.

सर्वाधिक अडते नावावर. वहीत ‘बस्त्याव’ आणि पासपोर्टवर ‘सेबॅस्टियन’ असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे पत्र आधीच घ्या. दाखल्यावर स्वतः खाडाखोड केलीत तर तो बाद.

चर्चमधले लग्न झाले म्हणून कायदेशीर नोंदणी झाली असे धरू नका, तिची चौकशी भारतीय दूतावासात वेगळी करा. लग्नानंतर तिथले फादर बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवतात, पण पत्र हरवते. दोन-तीन महिन्यांनी नवा दाखला मागवा आणि समासातली नोंद तपासा.