पायावर सूज, भोकं आणि पुवात दाणे: मदुरा फूट कसा ओळखायचा, औषध कसं निवडायचं

शेतात अनवाणी राबणारा माणूस, पायावर घट्ट सूज पण दुखणं फारसं नाही, सुजेवर दोन-चार भोकं आणि त्यातून येणाऱ्या पुवात रव्यासारखे बारीक दाणे, एवढं दिसलं की मायसेटोमा म्हणजेच मदुरा फूट डोक्यात यायलाच हवा. काटा वगैरे टोचलेला असतो पण तो वर्षानुवर्षांपूर्वी, त्यामुळे पेशंटला आठवेलच असं नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. कार्टरने १८६० च्या सुमारास यावर लिहिलं आणि डब्ल्यूएचओच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत हा आला २०१६ ला, तोवर किती गरिबांचे पाय गेले असतील विचार करा.

पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) असणाऱ्या डॉक्टर मित्रांनो, एकच विनंती, दाणा (म्हणजे जंतूंचा घट्ट गोळा) हातात आल्याशिवाय औषध सुरू करू नका. कारण हा आजार दोन प्रकारचा, एक खऱ्या बुरशीचा (युमायसेटोमा) आणि एक बुरशीसारख्या वाढणाऱ्या बॅक्टेरियाचा (अ‍ॅक्टिनोमायसेटोमा), बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात पण औषधं पूर्ण वेगळी, आणि भारतात बॅक्टेरियावाला जास्त सापडतो.

दाणा मिळवायचा कसा? भोकांवर स्वच्छ ओला गॉज रात्रभर बांधून ठेवा, पेशंटला सांगा, "काका, पट्टी फेकू नका, तशीच घेऊन या", बऱ्याचदा दाणे गॉजला चिकटलेले मिळतात. रंग बघा, काळा असेल तर बुरशी, लाल-गुलाबी असेल तर बॅक्टेरिया, पांढरा-पिवळा मात्र दोन्हींत असतो तिथे अंदाज करत बसू नका. दाणा सलाईनमध्ये धुवा, दोन स्लाईडमध्ये चिरडा, एकावर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, त्याने बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात) टाका, दुसरी ग्रॅम स्टेनला (बॅक्टेरिया रंगवून ओळखायची पद्धत) द्या. जाड, फांद्या फुटलेले, मधे पडदे असलेले धागे (साधारण २ ते ५ मायक्रॉन, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणजे बुरशी, आणि एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक ग्रॅम पॉझिटिव्ह (या रंगात जांभळे दिसणारे) धागे म्हणजे बॅक्टेरिया. कल्चरसाठी (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायला) मात्र वरवरचा स्वॅब पाठवू नका, त्यात स्किनवरचे इतर जंतूच वाढतात, सर्जनकडून खोल बायोप्सी (आतल्या भागाचा तुकडा) घ्या आणि अर्धा तुकडा सलाईनमध्ये, अर्धा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणारं पण जंतू मारणारं द्रावण) पाठवा, सगळा फॉर्मलिनमध्ये टाकला की कल्चर संपलंच. एक्स-रे काढाच, हाडात शिरलंय का कळतं, एमआरआय परवडत असेल तर उत्तमच.

बॅक्टेरिया निघाला तर कोट्रायमॉक्सझोल (सल्फा असलेली अँटिबायोटिक गोळी) आणि अमिकासिनच्या (अँटिबायोटिक इंजेक्शन) ठरावीक दिवसांच्या सायकल, बहुतेक पेशंट औषधावरच बरे होतात, फक्त अमिकासिन चालू असताना क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) आणि कानाची तपासणी सोडू नका, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी आधी विचारा.

बुरशी निघाली तर धीर लागतो. इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत, अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत नको नाहीतर कॅप्सूल शोषलीच जात नाही. लिव्हर फंक्शन टेस्ट अधूनमधून करा, हार्ट फेल्युअरवाल्याला हे औषध देऊ नका. काही महिन्यांनी गाठ आकसते, तिच्याभोवती आवरण तयार होतं, मग सर्जनने अख्खी काढायची, आणि ऑपरेशननंतरही औषध चालूच, एकूण वर्षभर तरी. आधी औषध न देता घाईने कापलं तर परत येण्याची शक्यता जास्त.

सूज उतरली म्हणून पेशंट स्वतःच गोळ्या बंद करतो, खर्चही खूप असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी घरच्यांना बसवून कालावधी आणि पैसे दोन्ही स्पष्ट सांगा. भोकं बुजली, दाणे थांबले, सोनोग्राफीत आत दाणे दिसत नाहीत, एवढं झाल्यावरच बंद करायचा विचार करा, आणि त्यानंतरही काही महिन्यांनी पाय दाखवायला बोलवा.