एसएएस कार्ड बसवलं की सर्व्हर चालूच होईना

जुन्या सर्व्हरमधलं आठ पोर्टांचं एसएएस कार्ड (जास्त डिस्क जोडायचं कार्ड) साध्या डेस्कटॉप मदरबोर्डवर लावलं की पंखे फिरायचे, स्क्रीन काळी. काढलं की सगळं सुरळीत. स्लॉट बदलला, बायोस अपडेट केलं, पॉवर सप्लायही बदलला. दोन रविवार वाया.

घोळ एसएमबसचा होता, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात किरकोळ माहिती नेणाऱ्या दोन तारांचा. त्यांच्या पिना झाकल्या की झालं. प्लग काढा. कार्डाची चिपवाली बाजू वर धरा, धातूच्या पट्टीकडून सोनेरी पिना मोजा. पाचवी आणि सहावी (बी५, बी६) यांवर २ मिमी रुंद कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी, उष्णता सोसणारी पातळ टेप) लावा. चौथी आणि सातवी मात्र उघड्याच हव्यात. पहिल्यांदा माझी सातवी झाकली गेली होती. कार्ड सरळ दाबा, तिरकं घातलं तर टेप गोळा होते.

आठही डिस्क दिसल्या. झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टम) वापरणार असाल तर कार्डाचं फर्मवेअर आयटी मोडचं, म्हणजे डिस्क जशाच्या तशा थेट दाखवणारं आहे ना, हे घेतानाच बघा.