बेळगावचा पत्ता, कोल्हापूरची पदवी: दुबईच्या शिक्षक व्हिसासाठी साक्षांकन अडकलं तर

लक्षण: बी.एड.ची पदवी शिवाजी विद्यापीठाची, पासपोर्टवर पत्ता बेळगावचा, आणि बेंगळुरूहून कागद साक्षांकन (पदवी खरी असल्याचा सरकारी शिक्का) न होता परत. नोटरी करून पाहिली, पत्त्याचे पुरावे जोडले, पुन्हा अर्ज केला, उपयोग शून्य. दोन महिने हातातून गेले, याचा फार मनस्ताप झाला.

कारण साधं आहे. पदवी ज्या राज्यात मिळाली तिथलंच साक्षांकन लागतं. राहता कुठे याला महत्त्व नाही. आपल्या सीमाभागात घर एकीकडे, कॉलेज दुसरीकडे, म्हणून ही चूक हमखास होते.

चाललेला क्रम असा: कोल्हापूरची पदवी आधी महाराष्ट्र शासनाकडे (धारवाड किंवा राणी चन्नम्मा विद्यापीठाची असेल तर कर्नाटकाकडे), मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, त्यानंतर अमिरातीचा (यूएई, ज्यात दुबई येते) दूतावास, शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय. मधली पायरी गाळली की पुढचा शिक्का मिळत नाही. अपोस्टिल (हेग करारातल्या देशांत चालणारा शिक्का) घेऊ नका. अमिराती हेग करारात नाही, तिथे साधं साक्षांकनच लागतं. मूळ पदवी लॅमिनेट केलेली असेल तर ते आधीच जपून काढून घ्या, शिक्का मागच्या बाजूला बसतो.

पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) मात्र पत्त्यावर चालतो: पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज, चौकशी बेळगावच्याच ठाण्यातून.