मोटरहोमबरोबर गोव्यात येताना छोटी गाडी कोणती आणावी

मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन गोव्यात यायचं ठरलं असेल, तर सोबत छोटी गाडी लागतेच. सात मीटरची गाडी पर्वरीच्या हमरस्त्यावर निभावून जाते. पण पणजीतल्या फोंताइन्हासच्या गल्ल्या, खाजन (खाडीकाठच्या सखल) शेतांच्या बांधांवरून जाणारे रस्ते, देवळाकडे उतरणारी वाड्यावरची वाट, इथे ती अडकते आणि गावकऱ्यांचीही वाट अडवते. दिवाडीला तर पूलच नाही, फेरीबोटीनेच जावं लागतं. धक्क्याच्या उतारावर लांब गाडीची मागची बाजू घासायची भीती असते. म्हणून मोठी गाडी एका जागी उभी करायची आणि हिंडायला दुसरी घ्यायची, हे पक्कं. प्रश्न कोणती घ्यायची एवढाच.

अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये मोटरहोममागे चारही चाकांवर ओढली जाणारी जीप दिसते. ती कल्पना आधीच बाजूला ठेवा. आपल्या वाहतूक नियमांत ओढून न्यायची मुभा बिघडलेल्या गाडीला गॅरेजपर्यंत नेण्यासाठी किंवा नोंदणी झालेल्या ट्रेलरसाठी आहे. धडधाकट मोटार दोरखंडाने वा दांड्याने बांधून सहलीला नेता येत नाही. तिकडेही हवी ती गाडी ओढून चालत नाही. जीप रँग्लरसारख्या गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) न्यूट्रल करता येते, म्हणून ती चालते. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही, आणि अशी गाडी लांब ओढली तर गिअरबॉक्स जळतो. शिवाय मागे गाडी जोडलेली असताना रिव्हर्स जवळजवळ घेताच येत नाही. आमच्याकडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर समोरून कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस आली, तर काय होईल याची कल्पना करा.

मग उरतात तीन मार्ग: मागच्या रॅकवर दुचाकी, घरातल्या दुसऱ्या कुणी वेगळी चालवत आणलेली छोटी मोटार, किंवा इथे भाड्याने घेतलेली गाडी. चौघांचं कुटुंब असेल आणि दोघांना गाडी येत असेल, तर ऑल्टोसारखी मोटार वेगळीच आणा, जास्त विचार करू नका. भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर कुणी स्वस्तात देऊ केली तरी नको. अपघात झाला तर विम्याचा भरवसा राहत नाही.

दुचाकी सोबतच आणायची, तर गाडी पसंत करण्याआधी वजनकाट्यावर जा. हा मुद्दा बहुतेक जण टाळतात, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पाण्याच्या टाक्या, डिझेल, गॅस, सामान आणि माणसं, सगळं भरून मोटरहोमचं वजन करा. आरसीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या कमाल वजनातून ते वजा केलं की जे उरेल, तेवढ्यातच रॅक आणि दुचाकी बसवायची. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजून घ्या, कारण मागे टांगलेलं वजन जेवढं असतं त्याहून जास्त भरतं. समजा, दोन ॲक्सलमध्ये चार मीटर अंतर आहे आणि 150 किलोचा रॅक-दुचाकीचा भार मागच्या ॲक्सलच्या दोन मीटर मागे आहे. मागच्या ॲक्सलवर तेव्हा 225 किलो वाढतात आणि पुढच्यावरचे 75 किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटू लागतं, ओल्या घाटात ब्रेकही कमी लागतो. आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा उतार उतरताना हे जाणवायला नको.

आता दुचाकी. ॲक्टिव्हा 105 किलोच्या आसपास आहे, टीव्हीएस एक्सएल 90 किलोच्या आत. कागदावर फरक लहान दिसतो, पण तो ढकलून वर चढवायचा असतो. रॅक जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर आणि रॅम्प दोन मीटरचा असेल, तर ॲक्टिव्हा वर नेताना तीसेक किलोचा जोर लागतो. रॅम्प तीन मीटरचा केला तर वीसेक किलोचा. प्रवास दोघांचाच असेल आणि दोघंही साठी ओलांडलेले असतील, तर मी एक्सएलच घ्या म्हणेन, मागे बसायला ती कमी आरामाची असली तरी. विकत घेण्याआधी तीनदा चढवून-उतरवून बघा, एकदा पावसातही.

विजेवरची स्कूटर मोहात पाडते. पण मोटरहोमची 12 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे पूर्ण भरलेली असताना 2.4 युनिट, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये. स्कूटर चार्ज करायला त्याहून बरीच जास्त वीज लागू शकते. मुक्कामाला विजेची जोडणी मिळणार असेल तरच तिचा विचार करा.

रॅक वेल्डिंगने बसवण्याआधी वाहतूक खात्याला विचारून घ्या. नंबरप्लेट, मागचे दिवे आणि इंडिकेटर झाकले जात असतील, तर ते सगळं मागे नव्याने लावावं लागतं. रॅक चासीलाच बसवायचा; नुसत्या बंपरवर कधीही नाही. मोटरहोमचा सायलेन्सर दुचाकीच्या टायरवर धूर सोडत नाही ना, हेही पाहा, नाहीतर टायर भाजतो. बांधायला नायलॉनची दोरी नको, भिजली की ती ताणते. पॉलिस्टरचे रॅचेट (खटक्याने आवळायचे) पट्टे घ्या, चार बाजूंनी, चौकटीला किंवा हँडलच्या मुळाशी. प्लॅस्टिकच्या अंगाला नको. पुढचे शॉक थोडे दाबले जातील एवढं ओढा. टाकी काठोकाठ भरू नका.

एक फायदा मात्र सांगायलाच हवा. पणजीजवळ मांडवी नदीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. रॅकवर असलेली स्कूटर मोटरहोमबरोबर पलीकडे जाते; चालवत नेली तर जुन्या मांडवी पुलाने जावं लागतं.

किनाऱ्यावर गाडी उतरवायची नाही, कितीही मोकळा दिसला तरी. दमट, खारी हवा मात्र किनाऱ्यापर्यंत न जाताही लागते. बाहेरच्या रॅकवर लटकलेल्या गाडीची साखळी, ब्रेकच्या केबल आणि स्टँडचा स्प्रिंग आधी गंजतात. म्हणून रोज रात्री गोड्या पाण्याने धुवा आणि तेलाचा हात फिरवा.

कागद वेगळे ठेवा: दुचाकीची आरसी, विमा, पीयूसी आणि दोन हेल्मेट. प्रवासाला निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरमध्ये पट्टे एकदा ताणून घ्या, घाट सुरू होण्याआधी पुन्हा एकदा.