‘फोन क्लोन झाला’ असे वाटल्यास काय करावे: बनावट क्रमांक, कॉल फॉरवर्डिंग आणि सिमची तपासणी

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्यातील सोसायटीत कोणाचाही फोन जरा विचित्र वागू लागला की ‘क्लोन झाला’ हे निदान लिफ्टमध्येच होते आणि तो फोन घेऊन मंडळी माझ्या दारात येतात. आजवर असे पुष्कळ फोन मी तपासले. त्यांपैकी एकही क्लोन झालेला निघाला नाही. बिघाड दर वेळी दुसराच होता आणि तो दुसराच असल्यामुळे समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या सल्ल्यांचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. स्क्रीनला लॉक लावणे, ओटीपी कोणालाही न सांगणे, ‘वाहतूक चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाईल न उघडणे ही पथ्ये वाचक पाळतो असे गृहीत धरून पुढचे लिहिते.

आधी ‘क्लोन’ या शब्दाचा निकाल लावू. प्रत्येक सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. जुन्या जीएसएम सिममधील संरक्षणपद्धती कच्ची होती आणि सिम प्रत्यक्ष हातात आल्यास ती किल्ली काढून दुसरे सिम बनवता येते, हे १९९८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. आजच्या फोर-जी आणि फाइव्ह-जी सिममध्ये ती पद्धत वापरली जात नाही. त्यामुळे आज ज्याला लोक क्लोनिंग म्हणतात ते चारांपैकी एक असते: आपला क्रमांक दुसऱ्याच्या स्क्रीनवर खोटा उमटवणे, आपले कॉल दुसरीकडे वळवणे, आपल्या नावावर दुसरे सिम काढणे, किंवा आपले व्हॉट्सॲप दुसऱ्या उपकरणाला जोडणे. चौघांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि फोन फॉरमॅट करणे हा त्यांपैकी एकाचाही उपाय नाही.

पहिली पायरी: स्क्रीनवरच्या क्रमांकाला पुरावा मानू नये

आंतरदेशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, पण तो खरा आहे की नाही हे पोस्टमन तपासत नाही. फोनवर उमटणारा क्रमांकही पुष्कळसा तसाच आहे. कॉल जिथून निघतो तिथली यंत्रणा तो क्रमांक पुढे पाठवते आणि पुढची यंत्रणा तो बहुतेक वेळा मान्य करते. इंटरनेटवरून निघालेल्या कॉलमध्ये तो क्रमांक हवा तसा भरता येतो. परदेशातून भारतीय क्रमांक लावून येणारे असे कॉल रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. यंत्रणा उपयोगी आहे; पण देशात बेकायदा बसवलेल्या सिमबॉक्समधून (एकाच वेळी अनेक सिम चालवणाऱ्या यंत्रातून) स्थानिक सिमवर उतरवलेला कॉल तिच्या कक्षेत येत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्हींचा एसटीडी कोड ०२२ असल्यामुळे तो आकडा पाहताच आपल्याला फोन शेजारच्याच कार्यालयातून आल्यासारखा वाटतो. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असे सांगणाऱ्याला नेमका हाच विश्वास हवा असतो. ट्रूकॉलरवर दिसणारे नाव हा तर मुळीच पुरावा नव्हे, कारण ते लोकांनी भरलेल्या माहितीतून येते आणि भामटाही लोकांपैकीच एक असतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात बँकांना व्यवहारविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका आणि जाहिरातीसाठी १४० ची मालिका वापरण्यास सांगितले आहे. त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलणारा ‘बँक अधिकारी’ संशयास्पद ठरतो; मात्र १६०० दिसले म्हणून ओटीपी सांगावा असा त्याचा अर्थ होत नाही.

यावर एकच उपाय आहे: फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक स्वतः टाइप करून लावावा. आलेल्या कॉलवर उलट फोन करू नये आणि गूगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ क्रमांक तर कधीही लावू नये.

दुसरी पायरी: कॉल फॉरवर्डिंग तपासावे (इथेच मी फसले होते)

२०२३ च्या पावसाळ्यात मला एका कुरिअरवाल्याचा फोन आला. पार्सल घोडबंदर रोडच्या गोदामात अडकले आहे आणि ते आणणाऱ्या मुलाशी थेट बोलण्यासाठी हा क्रमांक फिरवा, असे त्याने सांगितले. क्रमांक *४०१* ने सुरू होत होता आणि पुढे दहा आकडे होते. मी कसलाही विचार न करता तो फिरवला. त्या क्षणी माझे सगळे कॉल त्या दहा आकडी मोबाइलकडे वळले. ओटीपी मी कोणालाही सांगितला नव्हता. त्याची गरजच उरली नव्हती. व्हॉट्सॲपला ‘कोड फोन करून सांगा’ असा पर्याय असतो. भामट्याने तो निवडला, व्हॉट्सॲपचा फोन त्याच्याकडे गेला आणि दहा मिनिटांत माझे खाते त्याच्या हाती पडले. नेरूळच्या माझ्या वहिनीकडे माझ्या नावाने वीस हजारांची मागणी गेली. खात्री करावी म्हणून तिने मला फोन केला, तर तो एका अनोळखी पुरुषाने उचलला. तिथे तिने ओळखले. मला मात्र तोवर पत्ताही नव्हता.

यानंतर मी तीन चुका केल्या आणि माझ्याकडे येणारी मंडळी आजही नेमक्या त्याच करतात.

पहिली चूक म्हणजे फॉरवर्डिंग बंद न करता व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकणे. कॉल अजून त्याच्याकडेच जात असतात, त्यामुळे आपण खाते परत मिळवले तरी तो फोनवरचा कोड मागवून ते पुन्हा घेऊ शकतो. शिवाय वारंवार कोड मागितल्यास व्हॉट्सॲप काही तास नवा कोड देणेच थांबवते. आधी फॉरवर्डिंग आणि नंतर व्हॉट्सॲप, हा क्रम मोडू नये.

दुसरी चूक म्हणजे स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन, ५०० रुपये देऊन फोन फॉरमॅट करून घेणे. फॉरवर्डिंगची नोंद फोनमध्ये नसतेच. ती मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत असते. फोन बंद करून सुरू केला, फॉरमॅट केला किंवा सिम नव्या फोनमध्ये घातले तरी ती जशीच्या तशी राहते. माझे दोन वर्षांचे फोटो गेले आणि कॉल वळत राहिले.

तिसरी चूक सर्वांत लाजिरवाणी होती. कोणीतरी ##००२# फिरवण्यास सांगितले. मी फिरवला, ‘यशस्वी’ असा संदेश आला आणि मी निश्चिंत झोपले. माझ्या फोनमध्ये दोन सिम होती आणि तो संकेत गेला होता दुसऱ्याच सिमवरून. बँकेशी जोडलेल्या सिमवरचे फॉरवर्डिंग आणखी एक संपूर्ण दिवस चालू राहिले. दोन सिम असतील तर प्रत्येक संकेत दोनदा फिरवावा आणि दर वेळी कोणते सिम निवडले आहे हे डोळ्यांनी पाहावे.

फॉरवर्डिंग चार प्रकारचे असते: सर्व कॉल वळवणे, फोन व्यस्त असताना, उत्तर न दिल्यास, आणि फोन संपर्कक्षेत्राबाहेर असताना. सर्वसाधारणपणे *#२१# ने पहिल्या प्रकाराची स्थिती कळते, तर *#६७#, *#६१# आणि *#६२# ने अनुक्रमे उरलेल्या तिघांची. ##००२# ने सगळे रद्द होते. जिओचे आकडे निराळे आहेत. तिथे *४०१* ने कॉल वळतात आणि *४१३ ने सर्व फॉरवर्डिंग रद्द होते. केवळ *#२१# तपासून ‘काही नाही’ म्हणणारे बहुतेक लोक शेवटचा प्रकार विसरतात. रात्री फोन बंद असतानाच कॉल वळावेत अशी व्यवस्था करणाऱ्या भामट्याला तो एकटा प्रकार पुरेसा असतो.

फोनच्या सेटिंगमध्येही ‘कॉल फॉरवर्डिंग’चे पान असते आणि ते नक्की पाहावे. तिथे ‘नेटवर्क एरर’ आल्यास घाबरण्याचे कारण नाही. अनेकदा ही माहिती त्याच सिमच्या मोबाइल डेटावरून मागवली जाते. वाय-फाय बंद करून त्या सिमचा डेटा सुरू केला की पान उघडते. *#६२# च्या उत्तरात एखादा अनोळखी क्रमांक दिसला तरी तो लगेच चोराचा समजू नये, कारण मिस्ड कॉलची सूचना किंवा व्हॉइसमेल देणारा कंपनीचा स्वतःचाच क्रमांक तिथे असू शकतो. कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करून तो कोणाचा आहे हे विचारून घ्यावे. आमच्या सोसायटीतील एका काकांनी या एका क्रमांकापायी चार दिवस फोन बंद ठेवला होता.

संकेतांपेक्षा माझा भरवसा प्रत्यक्ष चाचणीवर आहे. घरातल्या दुसऱ्या फोनवरून आपल्या क्रमांकावर कॉल करावा आणि आपला फोन वाजतो का ते पाहावे. मग आपला फोन विमान मोडमध्ये ठेवून पुन्हा करावा. तिसऱ्यांदा फोन वाजू द्यावा पण उचलू नये, आणि चौथ्यांदा दुसऱ्या कोणाशी बोलत असताना करावा. चारही वेळा कंपनीचाच आवाज किंवा नुसती रिंग ऐकू आली तर काम झाले. मध्येच कोणी ‘हॅलो’ म्हटले तर त्याच्याशी वाद न घालता फोन ठेवावा आणि दुसऱ्या फोनवरून कंपनीशी बोलून फॉरवर्डिंग रद्द करून घ्यावे. सगळ्याला मिळून पाच मिनिटे लागतात. दोन सिम असतील तर दहा.

संकेत फिरवून होणारे फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून थांबवावे, असा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला होता. त्यावर विसंबून ही तपासणी टाळू नये. स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला लावून भामटा आपल्याच हातांनी सेटिंग बदलून घेऊ शकतो.

तिसरी पायरी: व्हॉट्सॲप

‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून ओळखीचे नसलेले प्रत्येक उपकरण काढावे आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावावा. भामट्याने आपल्या आधी पिन लावला असेल, तर एसएमएसच्या कोडने तो लगेच बाहेर फेकला जातो. मात्र पिन माहीत नसल्यामुळे आपल्याला आत शिरायला सात दिवस थांबावे लागते. मी थांबले आहे.

चौथी पायरी: सिम

बाहेरगावच्या गाडीने पारसिकचा बोगदा ओलांडताना रेंज जाणे स्वाभाविक आहे. घरात, रोज रेंज असणाऱ्या खोलीत, शेजाऱ्याचे त्याच कंपनीचे सिम चालत असताना आपल्या फोनवर ‘नो सर्व्हिस’ येणे स्वाभाविक नाही. अशा वेळी ‘उद्या पाहू’ म्हणू नये. आपल्या नावावर कोणी दुसरे सिम काढले असू शकते. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला खाते गोठवण्यास सांगावे आणि मगच मोबाइल कंपनीच्या दालनात जावे. सिम बदलल्यानंतर २४ तास त्या क्रमांकावरील एसएमएस बंद ठेवण्याचा नियम २०२२ पासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा, म्हणजे क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, कोड मिळत नाही. या नियमांनी आपल्याला थोडा वेळ मिळतो. तो दालनाच्या रांगेत घालवू नये.

सिमला पिन लावण्याचा सल्ला चांगला आहे, पण त्याने नेमके काय साधते हे सांगणारे कमी भेटतात. चोरलेल्या फोनमधले सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले, तर पिनवाचून ते चालत नाही. दुकानातून काढलेल्या बनावट सिमवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. पिन तीनदा चुकल्यास पीयूके (अडकलेले सिम उघडणारा कंपनीचा कोड) मागितला जातो आणि पीयूके दहादा चुकल्यास सिम कायमचे निकामी होते, म्हणून हा प्रयोग पीयूके हाताशी ठेवूनच करावा.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते पाहून अनोळखी जोडणीची तक्रार तिथेच नोंदवावी.

आपलाच क्रमांक दुसऱ्यांना दिसत असेल तर

‘तुम्ही मला कर्जाच्या वसुलीसाठी फोन केला’ असे सांगत अनोळखी माणसे आपल्यावर ओरडू लागली, तर आपला क्रमांक कोणीतरी मुखवटा म्हणून वापरत असतो. आपल्या फोनमध्ये काहीही घुसलेले नसते आणि फोनमध्ये शोधून काही सापडतही नाही. मोबाइल कंपनीकडे लेखी तक्रार करावी, पोलिसांच्या सायबर विभागाला कळवून पोच घ्यावी आणि काही दिवस अनोळखी कॉल उचलू नयेत. क्रमांक बदलण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही, कारण बँक, आधार आणि प्राप्तिकर यांच्याशी जोडलेला क्रमांक सोडून दिला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि ती डोकेदुखी मूळ त्रासापेक्षा मोठी असते. आपल्याला स्वतःला असा संशयास्पद कॉल आला आणि पैसे गेलेले नसतील, तर त्याची माहिती संचार साथीवरच्या ‘चक्षू’ या सुविधेत द्यावी.

पैसे गेले असतील तर

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लावावा, तो लागेना तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरावी. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची ओळख पटवणारा), वेळ आणि रक्कम समोर लिहून ठेवावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी ते गोठवणे हाच या क्रमांकाचा उपयोग आहे. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान मात्र ग्राहकाचेच धरले जाते. म्हणून कॉल वळवून ओटीपी चोरला गेला असल्यास तक्रारीत तसे स्पष्ट लिहावे आणि फॉरवर्डिंगच्या पानाचे छायाचित्र सोबत जोडावे. ते छायाचित्र फॉरवर्डिंग रद्द करण्यापूर्वीच काढायचे असते, हे घाईत हमखास विसरले जाते.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे ऐकावे लागू शकते. कळवा हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात आणि ऐरोली हा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येत असल्यामुळे इथल्या माणसाला हे उत्तर नवीन नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. जाताना पोर्टलवरील तक्रारीचा पोच क्रमांक आणि बँकेच्या पत्राची प्रत बरोबर असावी.